घोडी शेतातल्या घरी आणावी की पागेत ठेवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यात दोन एकर शेत, शेतातच घर. घरी आई-वडील, एक देवणी गाय आणि दोन शेळ्या. तुम्ही रोज लातूरला नोकरीला जाता, सकाळी नऊला निघता आणि सातला परतता. बारा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून लातूरजवळच्या एका पागेत रपेट शिकतेय आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथे येत्या यात्रेत तिच्यासाठी मारवाडी घोडी घ्यायचं घाटतंय. पागेवाला महिन्याचे पैसे घेऊन घोडी ठेवायला तयार आहे. पण तुमच्या वडिलांचं म्हणणं, "जलमभर बैलं सांभाळली, एक घोडं काय जड हाय?" आणि तुम्हालाही वाटतंय की जागा आहे, विहीर आहे, कडबा घरचा आहे, मग पैसे कशाला घालवायचे.

आधी उत्तर सांगतो. पहिलं वर्ष घोडी पागेत ठेवा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिथे काढा, मग घरी आणा. आणि आणाल तेव्हा एकटी आणू नका. मी कंधार तालुक्यात राहतो, बावीस वर्षांपासून घोडी पाळतो. आज माझ्याकडे घरच्या तीन आणि लोकांनी ठेवायला दिलेल्या चार घोड्या आहेत. म्हणजे पागेच्या पैशावर माझंही घर चालतं, हे ध्यानात ठेवून माझं म्हणणं तोलून घ्या.

एवढं लांब लिहायला बसलोय ते तुमच्या वडिलांच्या त्या एका वाक्यासाठी. हेच वाक्य माझ्या वडिलांच्या तोंडी होतं, आणि माझ्याही.

माझी पहिली घोडी कुमेत, म्हणजे तांबूस-काळसर रंगाची होती, कपाळावर चांदणी. शेतातल्या आखाड्यावर बैलांच्या शेजारीच दावणीला बांधायचो. श्रावणातली गोष्ट. मी परभणीला पाहुण्यांकडे मुक्कामी होतो. रात्री नऊला वडील बॅटरी घेऊन बघून आले, घोडी बसलेली होती. अकराला पुन्हा गेले, तेव्हा दुसऱ्या कुशीवर आडवी होती. घरी येऊन आईला म्हणाले, "निजलीय, निवांत हाय." बैल बसला आणि रवंथ करायला लागला की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. चाळीस वर्षं त्यांनी हीच खूण वाचली होती. सकाळी दावणीखालची जमीन टापांनी वीतभर उकरलेली होती, भिंतीला घासून घासून डोळ्यावरचं कातडं सोललं होतं, मान घामाने थबथबलेली, आणि संध्याकाळपासून लीद एकदाही पडलेली नव्हती. डॉक्टर पोचायला दहा वाजले. बाराला घोडी गेली.

नंतर मी गंजीच्या तळातल्या पेंढ्या उपसल्या. वरून पिवळ्याधमक, दावं सोडलं की आत पांढरी-हिरवी बुरशी, ओल्या पोत्यासारखा वास. त्याच पेंढ्या त्याच आठवड्यात बैलांनीही खाल्ल्या होत्या. बैलांना काहीही झालं नाही.

वडिलांनी हयगय केली नव्हती. ते दोनदा उठून गेले होते. त्यांना बैल वाचता येत होता, घोडी वाचता येत नव्हती. घरी की पागेत हा प्रश्न माझ्या लेखी इथे येऊन थांबतो. दोन एकर भरपूर झाले, खर्चही झेपेल. रात्री अकराला बॅटरी घेऊन जो माणूस जाईल, त्याला समोर काय दिसतंय ते कळलं पाहिजे.

गाय-बैल आणि घोडा यांचं पोटच वेगळं. गाईला चार कप्प्यांचं पोट, खाल्लेलं वर आणून पुन्हा चावते, वाईटसाईटही बऱ्यापैकी पचवते. घोड्याचं जठर लहान, फार तर दहा-पंधरा लिटरचं, आणि चारा पचतो तो पुढे मोठ्या आतड्यात. तो एकदाच चावतो आणि त्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं, सरकलं नाही की वायू धरतो आणि पोटशूळ उठतो. त्यामुळे बैलाला जसं सकाळ-संध्याकाळ दोन वेळा वैरण टाकून मोकळं होता येतं, तसं घोड्याचं चालत नाही. मोकळं सोडलं तर तो दिवसातले पंधरा-सोळा तास थोडं थोडं खात असतो. घरी ठेवायचं म्हणजे सकाळी पाचला, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री झोपण्याआधी, अशी चार वेळा वैरण. तुम्ही नऊ ते सात घरी नसता. दुपारची वैरण कोण टाकणार, ते आजच ठरवा.

पोटशूळाची लक्षणं तुम्ही, वडील आणि मुलगी, तिघांनीही पाठ करा. घोडी पुढच्या पायाने जमीन उकरते. वळून वळून आपल्या कुशीकडे बघते. वरचा ओठ मुडपते. बसते, उठते, परत बसते, लोळते. दाणा समोर असून तोंड लावत नाही. लीद थांबते किंवा सुपारीएवढ्या कोरड्या गोळ्या पडतात. निरोगी घोडी दिवसभरात आठ-दहा वेळा लीद टाकते, म्हणून सकाळचे ढीग मोजायची सवय लावून घ्या. माझ्याकडे नवीन माणूस कामाला आला की पहिले पंधरा दिवस त्याला मी एवढंच काम देतो, लीद मोजून मला सांगायची.

आता खाण्याकडे येतो, कारण घरी आणलेल्या घोड्यांचं आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान मायेने घातलेल्या खाण्यानेच होतं.

कडबा चांगला. रब्बीच्या मालदांडी ज्वारीचा, पानाळ, वाळवून गंजी घातलेला कडबा हा आपल्याकडचा घोड्याचा मुख्य आहार होऊ शकतो. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सात किलोच्या आसपास कोरडी वैरण लागते, म्हणजे वर्षाला अडीच टनांच्या घरात. पेंढीचं वजन गावागणिक बदलतं, तेव्हा शेकड्यावर जाऊ नका, काट्यावर घालून हिशेब करा. कडबा कुट्टी करून द्या, धुरळा असेल तर पाणी शिंपडून. पण ज्वारीचं हिरवं ताट घोड्याला नको. कोवळ्या पोंग्यांची विषबाधा तुमच्या वडिलांना माहीत असणार, गुरंही त्याने दगावतात. घोड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हिरवी ज्वारी बरेच दिवस खाल्ली तर त्याच्या मूत्राशयाला आणि पाठीच्या कण्याला इजा होते. मागचे पाय लटपटायला लागतात, लघवी थेंब थेंब ठिबकते. ज्वारीच्या मुलखात राहून हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

सरकी आणि सरकीची पेंड म्हशीसाठी ठेवा. तयार पशुखाद्याचं पोतं उघडण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. कोंबडीच्या आणि काही वेळा गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. कोंबड्यांना, गुरांना ते चालतं, घोड्याचं मात्र अगदी थोड्या मात्रेत हृदय बंद पाडतं. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडे ढिगाने पडलेलं असतं, ते घोड्याची मुख्य वैरण म्हणून वापरू नका, कडक शेंगांच्या तुकड्यांनी आतडं गच्च होतं. आणि खळ्यावर सोयाबीनची किंवा ज्वारीची रास पडलेली असताना घोडी सुटली तर वडील म्हणतील, खाल्लं तर खाल्लं, घरचंच हाय. तसं म्हणू नका. घमेलंभर दाणा एकदम पोटात गेला तर एक-दोन दिवसांत खुराच्या आतला भाग सुजतो. घोडी पुढचे पाय पुढे ताणून, सगळा भार मागे टाकून उभी राहते आणि पाऊल उचलत नाही. बरी झाली तरी पुष्कळदा पुन्हा धावत नाही. तशी रास खाल्ली तर लक्षणांची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना बोलवा.

गव्हाचा कोंडा आणि हत्तीगवत या जोडीबद्दल वेगळं सांगतो, कारण शहाणीसुरती माणसंही इथे फसतात. कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) भरमसाट, चुना म्हणजे कॅल्शियम कमी. हत्तीगवतात, म्हणजे संकरित नेपियरमध्ये, ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातला चुना अडकवून ठेवतं. दोन्ही मिळून महिनोन् महिने दिलं तर शरीर हाडातून चुना ओढायला लागतं आणि चेहऱ्याची हाडं फुगतात, दात हलतात, घोडी लंगडते. माझ्या पागेत अशी एक घोडी आली होती. मालकाने लाडाने दोन वेळा कोंड्याचा घाटा घातला होता. नाकाच्या दोन्ही बाजूंना हात लावला तर कातड्याखाली उकडलेला बटाटा असावा तसा उंचवटा लागायचा. कोंडा बंद केला, लसूणघास आणि डॉक्टरांनी दिलेला चुना सुरू केला, तेव्हा वर्षभराने कुठे ती सावरली. तुमच्या शेतात पाच-सात गुंठे लसूणघास लावा, ड्रिपवर, घोडीला तेवढा पुरून उरेल. भिजवलेला हरभरा किलो-दीड किलोच्या वर नको. काम नसेल त्या दिवशी दाणा निम्मा करा. मीठ रोज मूठभर नको, दोन-तीन चमचे पुरे, उन्हाळ्यात थोडं वाढवा. चाटायला सैंधवाचा खडा गव्हाणीत पडलेला असू द्या.

पाणी. एरवी दिवसाला तीस-चाळीस लिटर, मे महिन्यात पन्नास-साठ. वाचायला फार वाटत नाही. पण 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्या उन्हाळ्यात मी घोड्यांसाठी टँकर विकत घेत होतो आणि गावात माणसं घागरी घेऊन रांगेत होती. मला त्याची लाज वाटायची. तुमची विहीर एप्रिलनंतर किती तास चालते, हे घोडी घेण्याआधी प्रामाणिकपणे बघा. आणखी एक. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं दुपारचं कढत पाणी घोडी पीत नाही, कमी पिते, आणि मग कोरडी वैरण आतड्यात बसते. सिमेंटची कुंडी लिंबाच्या सावलीत बांधा आणि रोज खरवडून धुवा.

बांधण्याबद्दलही बैलाची सवय नडते. बैल दिवसभर औताला जातो, मग गोठ्यात दाव्याला बांधला तरी चालतं. घोडी तासभर रपेट करून उरलेले तेवीस तास अगाडी-पिछाडीत, म्हणजे पुढून-मागून दोराने बांधलेली, उभी राहिली तर पाय सुजतात, पोट सुस्तावतं, आणि कंटाळून ती लाकूड चावायला किंवा एका जागी डोलायला लागते. ती सवय एकदा लागली की जात नाही. तिला मोकळं फिरायला दहा गुंठे तरी द्या. आपली काळी चिकण जमीन पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल धरते. त्यात उभं राहून खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो, काळं, घाण वासाचं पाणी सुटतं. म्हणून त्यातल्या निदान दोन-तीन गुंठ्यांवर मुरूम टाकून, दाबून, उतार काढून घ्या. निवारा बारा फूट बाय बारा फूट, पत्रा चांगला उंच आणि त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर. नुसत्या पत्र्याखाली आपल्याकडच्या मे महिन्यात जनावर भाजून निघतं. दोन बाजू मोकळ्या ठेवा.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते. तुमच्या शेताला काटेरी तारेचं कुंपण आहे असं तुम्ही लिहिलंय. गाय तारेला अडकली की थांबते. घोडा अडकला की ओढतो, आणखी घाबरतो, आणखी ओढतो. पायाचं कातडं मोज्यासारखं खाली आलेलं मी पाहिलंय, त्याचं वर्णन इथे करत नाही. घोडी फिरेल त्या भागात काटेरी तार नकोच. बांबू, लोखंडी पाइप किंवा साधी तार आणि तिला दिसतील अशा पांढऱ्या पट्ट्या. डुकरांसाठी सौर झटका मशीन लावलं असेल तर ते साध्या तारेवर उत्तम चालतं. विहिरीला कठडा आहे का? शेजाऱ्याच्या शेततळ्याला कुंपण आहे का? शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घोडी एकदा घसरली की तिला वर चढता येत नाही. बांधावर एरंड आणि दारात कण्हेर असेल तर घोडी यायच्या आधी मुळासकट काढा. कण्हेरीची मूठभर पानं घोड्याला पुरतात. हिरव्यापेक्षा छाटून वाळलेली पानं जास्त धोक्याची, कारण तो ती वैरणीत न ओळखता खातो.

डॉक्टरांचं म्हणाल तर आपल्या भागातले पशुवैद्यक देवणी आणि लाल कंधारीत हात बसलेले आहेत. घोडा त्यांच्यापुढे वर्षातून चार वेळा येतो. तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, हे तुमचं मोठं भाग्य समजा. परभणीलाही आहे. घोडी घ्यायच्या आधी तिथे एकदा जाऊन या, ओळख करून घ्या. धनुर्वाताची लस दरवर्षी चुकवू नका. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि खिळ्याची बारीक टोचही पुरते. पावसाळा संपता संपता गोमाश्या वाढतात आणि त्यांच्या चावण्यातून सर्रा पसरतो. ताप येतो-जातो, घोडी खात असूनही वाळत जाते, पोटाखाली पाणी साठतं. तेव्हा घरगुती काढे न करता रक्त तपासून घ्या. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी लागतो. तुमच्याकडे यायला तो मागेपुढे बघेल, एका घोडीसाठी पन्नास-साठ किलोमीटर कोण येणार? पागेत तो ठरल्या दिवशी येतोच. पहिल्या वर्षात त्याच्याशी घरोबा केलात तर पुढे तुमच्याकडेही येईल.

एवढं वाचून पागाच बरी वाटायला लागली असेल, तर तिची दुसरी बाजूही बघा.

मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन स्वार असायचे. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. पागेत कितीही चांगला मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, असला तरी तुमच्या घोडीपुरता तो बारगीरच. तो आज आहे, दिवाळीनंतर दुसरीकडे जाईल. खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं, वरवर होतो, खूर आठवड्यातून दोनदाच साफ होतात, रात्रीची वैरण कधी कमी पडते. मी सुरुवातीच्या काळात माझा एक घोडा सहा महिने बाहेर ठेवला होता. जागेचं नाव घेत नाही. एका संध्याकाळी न सांगता गेलो तर घोडा जागेवर नव्हता. तो जवळच्या गावात वरातीला गेला होता. रात्री साडेअकराला परत आला तेव्हा कपाळावर कुंकू, पाठीवर नवरदेवाच्या खुर्चीवजा खोगिराचे वळ, आणि डीजेच्या आवाजाने डोळे पांढरे. पुढे चार महिने ट्रॅक्टर वाजला तरी तो घोडा मागच्या पायांवर उभा राहायचा. वरातीच्या घोड्यांवर पोट भरणाऱ्यांशी माझं भांडण नाही, त्यांच्यात घोडा शिकवणारे फार चांगले चाबूकस्वार आहेत. पण मुलीसाठी घेतलेली घोडी कोणाच्या हाती जाईल, हे तुम्हाला आधी माहीत हवं.

दुसरा धोका आजाराचा. दहा ठिकाणची घोडी एका कुंडीत पाणी पितात. घशाच्या गाठी सुजवणारा स्ट्रँगल्स पागेत वणव्यासारखा फिरतो. ग्लँडर्स हा दुसरा संसर्गजन्य रोग तर माणसालाही होतो, त्यावर घोड्याला औषधोपचार करत नाहीत, तपासणीत निघाला की कायद्याने जनावर संपवावं लागतं. यात्रेतून आलेली नवीन घोडी तिथे थेट रांगेत बांधतात की तीन आठवडे वेगळी ठेवतात, हा पहिला प्रश्न पागेवाल्याला विचारा. "आमच्याकडे कधी काही झालं नाही" असं उत्तर आलं तर दुसरी पागा शोधा. तुमची घोडीही यात्रेतूनच येणार, तेव्हा घेण्याआधी सरकारी दवाखान्यामार्फत तिच्या रक्ताची ग्लँडर्ससाठी तपासणी करून घ्या. दलाल घाई करेल, करू द्या. तो अंगावरचे केसांचे भोवरे शुभ-अशुभ म्हणून दाखवून भाव चढवेल किंवा उतरवेल, त्याकडेही लक्ष देऊ नका. खूर, दात आणि डोळे बघा, आणि घोडी अर्धा तास चालवून श्वास बघा.

पागा पसंत करताना मालकाशी गप्पा मारण्यापेक्षा संध्याकाळी पाचला न सांगता जा आणि घोड्यांच्या पायाशी बघा. खाली ओल आहे की कोरडं? गव्हाणीत वैरणीचा मागमूस आहे की चाटून साफ? कुंडीत शेवाळ आहे? एखादा पाय उचलून वास घ्या. माणूस जवळ गेला की घोडी कान पुढे करतात की मागे पाडतात? ठेवायचं ठरलं तर साध्या कागदावर लिहून घ्या: वैरण किती किलो, दाणा किती, दिवसातून किती तास मोकळी, मुलीखेरीज कोण बसणार, रात्री आजारी पडली तर डॉक्टर बोलवायला तुमची परवानगी लागेल की नाही. ती लागू नये. तुम्ही फोन उचलेपर्यंत वेळ निघून जाते. लिहून घेतल्याने संबंध बिघडत नाहीत, माझ्याकडे घोडी ठेवणाऱ्या चारही घरांशी माझा असाच कागद आहे.

पैशाचा हिशेब तुम्ही स्वतः मांडा, दर गावागणिक आणि वर्षागणिक वेगळे. फक्त घरच्या बाजूला या गोष्टी विसरू नका: कुंपण, निवारा, मुरूम, नालबंदाचं भाडं, डॉक्टरांचं येणं-जाणं, दुष्काळी वर्षातला विकतचा कडबा, आणि रोजचे तीन तास. तीन तास म्हणजे वैरण, लीद उचलणं, खरारा, खूर, पाणी. पाऊस असो, ताप असो, मुलीची परीक्षा असो. एका चांगल्या पिकलेल्या एकराचा कडबा घोडीला जवळपास वर्षभर जातो, म्हणून घरी ठेवणं स्वस्त पडतं खरं, पण पहिल्या वर्षी नाही. लीदखत मात्र सोनं आहे. रोजची पंधरा-एक किलो लीद कुजवून घातलेल्या तुकड्यात माझा हरभरा शेजाऱ्यापेक्षा नेहमी उजवा असतो.

इतकं सगळं सांगूनही शेवटी घरीच आणा असं मी म्हणतो, ते का? कारण घरची घोडी दिवसभर मोकळी फिरते, मोकळी खाते, तीच माणसं रोज बघते. पागेतल्या घोडीवर मुलगी बसते, घरच्या घोडीबरोबर ती राहते. पहाटे अंधारात पावलांच्या आवाजावरून तिला ओळखून घोडी हलकं फुरफुरते, हे तुम्ही एकदा ऐकलंत की बाकी काही सांगावं लागणार नाही. फक्त त्याआधी घरातल्या तिघांना घोडी वाचता आली पाहिजे, आणि ती शिकवणारी जागा पागा आहे.

म्हणून वर्ष असं आखा. माळेगावची यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी सुरू होते, घोडी तिथून पागेत. मुलगी रविवारी रपेटीला जाते, ते बदला. आठवड्यातून दोन दिवस तिने रपेट न करता फक्त काम करायचं: लीद, खरारा, खूर. महिन्यातून निदान दोनदा तुमच्या वडिलांनाही घेऊन जा. त्यांच्याकडे जनावराची नजर आहेच, ती घोड्यावर बसायला सहा महिने पुरतात. माझे वडील नंतर माझ्यापेक्षा आधी पोटशूळ ओळखायचे, कानाने. कुशीला कान लावून आतली गुरगुर ऐकायचे. आतडं चालू असेल तर लांबून गाडी गेल्यासारखा आवाज येतो, बंद असेल तर काहीच येत नाही. मुलीला जबड्याखालची नाडी धरायला शिकवा. शांत उभ्या घोडीची नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस चालते. साठच्या वर गेली आणि उतरेना, तर डॉक्टरांना फोन. तापमान शंभर अंश फॅरेनहाइटच्या आगेमागे असावं. हे सगळं एका वहीत रोज लिहायला लावा.

फाल्गुनात रब्बीची ज्वारी निघाली की कडबा विकत घेऊन किंवा घरचा राखून गंजी लावा, खाली दगड-लाकडांचा ओटा करून, म्हणजे तळाला ओल लागणार नाही. उन्हाळ्यात कुंपण आणि निवारा उरका, मुरूम पावसाआधी टाका. पावसाळ्यात ती जागा रिकामी असतानाच बघून घ्या, पाणी कुठे साचतंय, पत्रा कुठे गळतोय. मग पुढच्या पौषात, थंडी असताना, माश्या कमी असताना घोडी आणा.

सोबतीचं शेवटी सांगतो, पण ते बारीकसारीक नाही. घोडा कळपाचा प्राणी आहे. एकटी ठेवलेली घोडी कुंपणाला धरून येरझाऱ्या घालते, खिंकाळते, खाणं टाकते. दुसरी घोडी परवडत नसेल तर गाढव चालतं, तुमच्या दोन शेळ्यांपैकी एकही चालेल. पण त्यांची ओळख आधी पागेत करून द्या. शेवटचा महिनाभर एक शेळी तिथे नेऊन घोडीच्या शेजारी बांधा. टेम्पोत दोघींना एकत्र चढवा, शेळी आधी. फाट्यावर उतरवून घराकडचा शेवटचा दीड-दोन किलोमीटर पायी चालवत आणा, मुलीच्या हातात मोरखीचा (तोंडाला बांधलेल्या दोराचा) कासरा, शेळी पुढे. आल्या आल्या दाणा देऊ नका, पाणी आणि कोरडा कडबा. आणि पहिले आठ दिवस वडिलांची खाट निवाऱ्यापासून वीस पावलांवर टाका, म्हणजे रात्री तिचं चावणं ऐकू येईल आणि ते थांबलं तर जाग येईल.